‘मासे’ दाबलं आणि सोलकढी आली: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की टेबलावरचा क्यूआर स्कॅन करून ‘मासे’ दाबलं तर समोर सोलकढी आणि ताक आलं, वर-खाली करण्यात दहा मिनिटं गेली आणि कोलंबी फ्राय आहे हे सासूबाईंना बिल आल्यावर कळलं. मेन्यूचं पान मीच बनवलंय, त्यामुळे दुसऱ्यावर ढकलायची सोय नाही.

रात्री गल्ला मिटवल्यावर पुतण्याचा आयफोन घेऊन बसलो. पान येतं तेव्हा ‘थाळ्या’ हा कप्पा उघडा असतो, चांगला लांबलचक. त्याच्या खालचा ‘मासे’ दाबला की तो उघडतो आणि त्याच वेळी थाळ्या मिटतात. वरची तेवढी जागा गेली की खालचं सगळं सरकन वर. मासे स्क्रीनच्या बाहेर, बोटाखाली सोलकढी! माझ्या अँड्रॉइडवर क्रोम पान जागच्या जागी धरायला बघतो, म्हणून इतके दिवस मला पत्ता नाही.

आता एक कप्पा उघडला तरी दुसरा आपोआप मिटत नाही. तुम्ही दाबलेला कप्पा आधी पूर्ण उघडतो, मग पान तिथे जातं. पूर्वी ही दोन्ही कामं एकदमच व्हायची, सगळा घोळ तिथेच होता. वर हॉटेलच्या नावाची पट्टी चिकटलेली असते, तिच्याखाली पहिलाच पदार्थ झाकला जायचा. तेवढी जागाही सोडली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो ती ‘आजची कोलंबी’ची लिंकही पानाच्या डोक्यावरच थांबायची, कारण मिटलेल्या कप्प्यातल्या पदार्थाला पानावर जागाच नसते. आता लिंक आधी कप्पा उघडते.

‘सरळ छापील कार्ड ठेवा’ हे मात्र पटलं नाही. माशाचा भाव सकाळी बाजारात ठरतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असली की निम्मा कप्पा रिकामा. छापलं तर खाडाखोडच दिसेल. पण रोज सकाळी हाताने लिहिलेला एक कागद गल्ल्यावर असतो आणि तो पोऱ्याने तुम्हाला आणून द्यायला हवा होता. ती चूक पानाची नाही, आमची.

सासूबाईंना घेऊन या. दुपारी एकच्या आत आलात तर कोलंबी नक्की असते, नंतरचं सांगता येत नाही.