नाच कमी करा

परवा पुतणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी श्वेबेबानच्या स्टेशनात उभी होते. श्वेबेबान म्हणजे जर्मनीतल्या आमच्या वुपरटाल गावची, नदीच्या वरून लटकत जाणारी रेल्वे. १९०१ पासून धावतेय. पुतणीची एकांकिका पहिल्याच फेरीत बाद झाली होती. परीक्षकांनी सांगितलं, "नाच कमी करा, नाटक उभं राहील."

"आत्या, पण नाच काढला तर उरतं काय?"

मग ग्रुपवर जुंपली. नाटकवाले म्हणतात, शब्द कुठायत? मुलींच्या भरतनाट्यमच्या ताई म्हणतात, हा आमच्या अडवूंचा, म्हणजे मूळ पदन्यासांचा, अपमान आहे. आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत: नाच आणि नाटक असं एकत्र कालवणं हे सगळं परदेशी फॅड आहे!

त्या परदेशात मी चौदा वर्षं राहतेय, तेही नेमक्या त्या फॅडच्या गावात. १९७३ साली नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश इथल्या नगर-रंगभूमीच्या बॅलेची प्रमुख झाली. तिचे नर्तक बोलायला लागले, ओरडायला लागले, खुर्च्यांवर आपटायला लागले. प्रेक्षक उठून दारं आपटत निघून जायचे. आज गावातले म्हातारे हे कौतुकाने सांगतात. दारं आपटणाऱ्यांपैकी मात्र मला अजून एकही भेटलेला नाही.

तिचं १९७५ चं 'वसंतोत्सव' ('द राइट ऑफ स्प्रिंग') मी इथल्या ऑपेरा हाऊसमध्ये पाहिलं. मध्यंतरात मी बाहेर गेलेच नाही. कामगारांनी पिंपं लोटत आणली, रंगमंचावर काळी ओली माती ओतली आणि फावड्यांनी सारखी केली. पुढे नाचताना ती माती घामाला चिकटत गेली, पायाखाली जड होत गेली. थकव्याचा अभिनय करायची गरजच राहिली नव्हती. याला नाच म्हणायचं की नाटक, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

पण 'फॅड' या शब्दावर माझा आक्षेप आहे. बाउशच्या आधी वर्षभर, डिसेंबर १९७२ मध्ये, पुण्यातच 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. ती ब्राह्मणांची ओळ आठवा: डोलते, गाते, पाठ फिरवली की भिंत होते, पडदा होते. कृष्णदेव मुळगुंदांची ती नृत्यरचना नाटकातून काढून दाखवा बरं. आणि तमाशात गण, गौळण, बतावणी, वग एका रात्रीत होतात; तिथे कुणी गुणांचे तक्ते घेऊन बसत नाही.

मग अडतं कुठे? मी पुण्यात कथक शिकत होते तेव्हा एका हौशी ग्रुपने मला बोलावलं होतं. प्रयोगाला आठ दिवस होते. नाटक 'बसलेलं' होतं. दिग्दर्शक म्हणाला, "इथे तीन मिनिटं रिकामी आहेत, काहीतरी बसवून दे." मी बसवून दिलं. ते दिसायचंही तसंच, भोक बुजवल्यासारखं. परीक्षकांची ती सूचना अशा कामांबद्दल असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

बाउश पुढे पुढे संहितेपासून सुरुवातच करत नसे. ती नर्तकांना प्रश्न विचारायची, ते वाक्याने, हालचालीने, कधी गाण्याने उत्तर द्यायचे, त्यातलं बरंचसं टाकून दिलं जायचं. असं टाकून द्यायला वेळ लागतो आणि जागा लागते. तिच्या मंडळीला बार्मेन भागात 'लिश्टबुर्ग' नावाचं जुनं सिनेमागृह तालमीला मिळालं. २००० साली 'कोन्टाक्टहोफ' हे आपलं जुनं काम तिने पासष्टीपुढच्या गावकऱ्यांना घेऊन केलं. त्यांच्यापैकी कुणी नर्तक नव्हतं. त्यांच्याकडे वेळ मात्र भरपूर होता.

जर्मनीचे गोडवे गावेत असंही नाही. इथलं नाट्यगृह, शाउश्पीलहाउस, पैसे वाचवायला २०१३ साली बंद केलं. तिथे पिना बाउश केंद्र करायचं, हे कधीचं घोकणं चालू आहे. अनुदान असलं की कला आपोआप होते, हा आपल्याकडचा समज इथे फार दिवस टिकत नाही. पण लाकडी जमीन, उबदार खोली आणि दिवसाउजेडी तालीम यांना पर्याय नाही. आपल्याकडे दिवसभर नोकरी करून रात्री नऊला शाळेच्या फरशीवर अनवाणी उड्या मारायच्या आणि प्रयोगाच्या दिवशी सेट ठोकताना राहिलेले खिळे चुकवायचे. परीक्षकांना हे ठाऊक नाही असं नाही. तेही याच फरशीवरून आलेत. गुणपत्रिकेत त्याचा रकाना नसतो, इतकंच.

पुतणीला म्हटलं, नाच कमी करू नका. लिहिणाऱ्या मुलालाच पहिल्या दिवसापासून तालमीत बसवा, आणि लेखन उशिरा सुरू करा.

काल तिचा मेसेज आला: हॉल मिळाला, दर रविवारी सकाळी सात ते नऊ. बाकं आपणच हलवायची आणि जाताना परत लावायची.