समुद्र घरी नव्हता

पुण्याच्या माणसाला कोणाकडे जायचे असले की तो आधी फोन करतो. "आहात ना घरी, येऊ ना, तुमची जेवणाची वेळ तर नाही ना" हे तीन प्रश्न विचारून झाल्याखेरीज कोथरूडचा माणूस सदाशिव पेठेतल्या सख्ख्या बहिणीच्या घराचीही पायरी चढत नाही. असे असताना जानेवारीच्या अखेरीस आम्ही नऊ जण, दोन गाड्या आणि सतरा पिशव्या घेऊन दिवेआगरच्या समुद्राकडे त्याला काही एक न विचारता गेलो, हा अपराध मी सुरुवातीलाच कबूल करतो.

सहलीचा हेतू एकच होता, आणि तो म्हणजे काहीही करायचे नाही. बहिणीने 'निवांत' या नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि काहीही न करण्याचे नियोजन कसे करावे यावर त्या ग्रुपवर पंधरा दिवस रात्री साडेबारापर्यंत वाद झाले. तारीख आत्याने ठरवली. तिला पौर्णिमेच्या रात्री समुद्रातून वर येणारा चंद्र पाहायचा होता. घरात दोन इंजिनिअर, एक डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे बाबा अशी शिकलेली मंडळी असूनही या इच्छेत काही अडचण आहे असे कोणाच्याही ध्यानात आले नाही. आत्याने स्वतः तीस वर्षे शाळेत शिकवले, पण ती संस्कृत शिकवत असे, भूगोल नव्हे.

प्रवासाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पहाटे पाचला निघायचे ठरले होते, त्यामुळे पावणेसातला निघालो. आईने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या माणगावपर्यंत पुरवायच्या होत्या, त्या पिरंगुटलाच संपल्या. मुळशीच्या पाण्यावर धुके होते आणि ताम्हिणी घाटात भाच्याच्या पोटात ढवळत होते. म्हसळ्याहून पुढे नारळी-पोफळीची दाटी सुरू झाली तेव्हा बाबांनी गाडी थांबवून, दिवेआगरात इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट सापडला आहे, ही माहिती नातवंडांना दिली. मराठी लिहिण्याची इतकी जुनी परंपरा असलेल्या गावी येण्याचा आनंद बाबांना खराखुरा झाला होता, कारण कोणतीही गोष्ट लेखी असावी असा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह आहे.

उतरलो ते घर कौलारू होते, पुढे पडवी आणि मागे वाडी. घरमालक काका साठीच्या पुढचे, अंगात बनियन, हातात सुपारी सोलण्याचा कोयता, आणि बोलणे अत्यंत बेताचे. बारा वाजायला दहा मिनिटे कमी असताना त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग वाडीपलीकडच्या सुरूच्या बनाकडे पाहिले आणि म्हणाले, "आत्ता जाऊन या. पाणी छान आहे."

आता, बारा वाजता उन्हात कोण जातो? शिवाय एक वाजता जेवण होते, त्यात वालाचे बिरडे आणि सोलकढी होती, आणि जेवणानंतर जे करायचे ते तर पुणेकराला कोणी सांगावे लागत नाही. बाबांनी सर्वांच्या वतीने उत्तर दिले, "संध्याकाळी जाऊ की सावकाश. समुद्र काय कुठे पळून जातोय?"

काकांनी काहीही उत्तर न देता पुढची सुपारी उचलली.

सव्वापाच वाजता आम्ही चटया, टोप्या, बादल्या, फावडी, दोन चेंडू, टॉवेल आणि आईच्या आग्रहाखातर मिठाच्या पाण्यानंतर लावायचे खोबरेल तेल घेऊन सुरूच्या बनातून बाहेर पडलो. पुढे वाळू होती. वाळूच्या पुढे ओली वाळू होती, आणि त्या ओल्या वाळूपलीकडे, इथून कर्वे पुतळा आणि तिथे नळ स्टॉप एवढ्या अंतरावर (भाऊजी म्हणाले की मी वाढवून सांगतो आहे), एक पांढरी रेघ हलत होती. तोच समुद्र. पाहुणे येणार हे कळताच मागच्या दाराने सटकणाऱ्या यजमानासारखा तो निघून गेला होता, आणि चप्पल मात्र दारात ठेवावी तसे काही शिंपले इकडे टाकून गेला होता.

आम्ही त्याच्या मागे चालत निघालो. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला वाटेत चटईवर बसवले, तिच्या सोबतीला बहीण थांबली, बहिणीजवळ पिशव्या राहिल्या, आणि अशा रीतीने दर शंभर पावलांवर एकेक माणूस गळत गेला. इवल्याशा खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची जी नक्षी घातली होती ती मोडू नये म्हणून धाकटी मुलगी एका पायावर उड्या मारत होती. मी एकटा पाण्यापर्यंत पोहोचलो. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आले, मला ओळख नसल्यासारखे पाहिले आणि आणखी थोडे मागे गेले.

एवढ्यात सूर्य मावळला आणि आत्या चंद्राची वाट पाहू लागली. ती समुद्राकडे तोंड करून, शालीची टोके धरून, अत्यंत भाविकपणे उभी होती. वीस मिनिटे गेली. शेवटी भाच्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच मागे वळवले. पोफळींच्या शेंड्यांवर, आमच्या मुक्कामाच्या घराच्या साधारण स्वयंपाकघरावर, भला मोठा पिवळा चंद्र केव्हाचा वर आलेला होता. आपला किनारा पश्चिमेचा असल्याने चंद्र इथे गावातून उगवतो आणि समुद्रात मावळतो, हे सत्य त्या क्षणी नऊ जणांना एकदम उमगले आणि नऊही जणांनी ते आपल्याला आधीपासून माहीत होते असा चेहरा केला.

रात्री जेवताना काकांनी उलगडा केला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. कोळ्यांचा आणि वाडीवाल्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हे ऐकताच बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिले नव्हते. लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली पाऊणकी पासष्ट वर्षांनी प्रथमच कामाला येत होती. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा!" ते गरजले. म्हणजे पौर्णिमेला भरती दिवसा सव्वाअकराला आणि रात्रीही त्याच सुमारास. भाच्याने फोनमध्ये पाहून वेळ पंचवीस मिनिटे पुढची असल्याचे सांगितले, तेव्हा फोन मागे पडला असेल असा निर्णय बाबांनी दिला.

"मग आम्हाला दुपारी तसं सांगायचं नाही का?" बाबांनी विचारले.

"सांगितलं होतं," काका म्हणाले.

"लेखी द्यायला हवं होतं."

त्यात पौर्णिमा म्हणजे उधाण; पाणी जितके वर चढणार तितकेच ओहोटीला मागे हटणार. आम्ही महिन्यातला नेमका तो दिवस निवडला होता ज्या दिवशी समुद्र संध्याकाळी सर्वात लांब असतो. त्या रात्री साडेअकरानंतर तो आला. खोलीत पडल्या पडल्या त्याची गाज अगदी वाडीच्या कुंपणापाशी असल्यासारखी ऐकू येत होती, पण आत्याने बाम लावला होता, आईने दाराला कडी घातली होती, आणि कोणाला उठवावे तर आपण निवांत आलो आहोत ही आठवण आड येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखे काही नसल्याने मी पडवीत काकांशेजारी बसलो आणि पुणेरी कुतूहलाने विचारले, "तुम्ही दिवसभर करता काय?" ते म्हणाले, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्या जागी रोपे लावली, त्यांना शिंपणे करतो. पोफळीला फळ धरायला किती वर्षे लागतात हे मी विचारले. "लागतात पाच-सात," असे म्हणून त्यांनी माझ्याही हातात एक सुपारी दिली. ती मला सोलता आली नाही.

प्रतिपदेची भरती बाबांच्या पाऊणकीप्रमाणे पाऊण वाजता होती. मोदक मात्र काकूंनी एक वाजता सांगितले होते, आणि उकडीचे मोदक कोणासाठी थांबत नाहीत. किंबहुना थांबले तर त्यांना मोदक म्हणू नये असे आईचे मत आहे. मतदान झाले. समुद्राला दोन मते पडली, दोन्ही मुलांची, आणि ती वयाच्या अटीवर बाद ठरवण्यात आली. मी अकरा खाल्ले. तीन वाजता आम्ही पुण्याला निघालो.

आत्याचे मात्र साधले. त्या दिवशी पहाटे ती कोणालाही न सांगता भाच्याला उठवून किनाऱ्यावर घेऊन गेली होती आणि चंद्र समुद्रात बुडताना त्याने त्याचे चित्रण केले होते. परतीच्या वाटेवर निजामपूरच्या आसपास त्याने ते फोनमध्ये उलटे फिरवून दिले. आता चंद्र समुद्रातून वर येतो. आत्याने ते 'दिवेआगरचा चंद्रोदय' म्हणून भजनी मंडळात पाठवले आहे. त्यात कुरव पक्षी शेपटीच्या दिशेने उडतात, आणि मागून आत्याला शोधत आलेले बाबा पाठ फिरवल्याविना उलट्या पावलांनी गावाकडे निघून जाताना दिसतात. मंडळातल्या एकाही बाईला यात काही वावगे वाटलेले नाही. दोघींनी तर पुढच्या पौर्णिमेला काकांकडे खोली आहे का, अशी चौकशीही केली आहे.