खुलासा: 'एअरप्लेन!' नेमकं कशाचं विडंबन आहे?

"1980 चा विनोदी चित्रपट 'एअरप्लेन!' म्हणजे विमान-संकटांवरच्या 'एअरपोर्ट' चित्रपट-मालिकेची नक्कल, ती आज कुणी बघत नाही, म्हणून त्यातले विनोदही संपले," असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली.

चित्रपटाचा सांगाडा आहे 1957 च्या 'झीरो अवर!' या गंभीर चित्रपटाचा. त्याचे हक्क रीतसर विकत घेतले होते. मी दोन्ही लागोपाठ पाहिले: माशाच्या जेवणातून विषबाधा, वैमानिक आडवे, युद्धाच्या आठवणींनी खचलेला नायक, काही संवाद तर जवळपास जसेच्या तसे. हे मला आधी ठाऊकच नव्हतं, तरी पोट धरून हसलो होतो.

डिस्कोची नक्कल, कॉफीच्या जाहिरातीची टर, हे आता संदर्भाशिवाय कळत नाही. कॉकपिटमध्ये आलेल्या लहान मुलाला कॅप्टन जे प्रश्न विचारतो, ते आज ऐकवत नाहीत. पण "हॉस्पिटल? म्हणजे काय?" असं हवाई सुंदरी विचारते आणि लेस्ली नील्सनचा डॉक्टर अतिशय गंभीरपणे सांगतो, "रुग्ण असलेली मोठी इमारत," त्याला कसला संदर्भ लागतो?

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.