‘वजन लावलं की काम झालं’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

मांडीचं हाड मोडलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी म्हणून एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय: ट्रॅक्शनचं (मोडलेल्या पायाला दोरी, पुली आणि वजनानं सतत ओढ देणं म्हणजे ट्रॅक्शन) वजन लटकवलं की पुढचं काम तेच करतं. मूल रडतं ते हट्टानं. फारच त्रास झाला तर रात्री वजन उचलून ठेवा. दुखण्याचं औषध देऊ नका, हाड जुळायला उशीर होतो. बेडपॅनचा त्रास नको म्हणून पाणी कमी पाजा. आणि मुलाला अजिबात हलू देऊ नका.

मुलांच्या हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते, म्हणून ठामपणे लिहिते: यातलं काहीही पाळू नका.

सगळ्यात घातक आहे ते ‘हट्टानं रडतं’. मोडलेल्या हाडाभोवती सूज चढते, पण स्नायूंवरचं आवरण फारसं ताणलं जात नाही. आतला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. रक्त तुटलेला स्नायू साधारण 6 तासांत कायमचा निकामी व्हायला लागतो. याची पहिली खूण बहुतेक वेळा वेदनाच असते: औषध देऊनही वाढत जाणारी, पायाची बोटं हलकेच ताणली तरी मूल किंचाळेल अशी. पाऊल थंड पडणं, नाडी न लागणं हे फार उशिरा दिसतं, त्यामुळे ‘नाडी लागतेय ना’ म्हणून निर्धास्त होता येत नाही. लहानग्याला नीट सांगताही येत नाही. ते नुसतं चिडचिड करतं, शांतच होत नाही.

म्हणून आम्ही दिवसरात्र पाऊल बघत असतो. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की पांढरेपणा जाऊन 2 सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतायला हवा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात स्पर्श कळतो का, हे विचारायचं. मग ‘पाऊल वर उचलून दाखव’ म्हणायचं; ते जमत नसेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकापाशी, बँडेज मज्जातंतू दाबत असण्याची शक्यता असते. तान्ह्या बाळांचे दोन्ही पाय सरळ वर टांगतात, त्याला ब्रायंट ट्रॅक्शन म्हणतात. त्यात न मोडलेल्या पायाचाही रक्तपुरवठा अडू शकतो, म्हणून तपासायचे दोन्ही पाय. आईवडिलांनीही हे शिकून घ्यावं, आणि शंका आली की सकाळची वाट न बघता सिस्टरला उठवावं. तुम्ही दहादा बोलावलंत तरी आम्हाला चालेल.

वजन रात्री का उचलायचं नाही? मांडीचे स्नायू ताकदीचे असतात. ओढ सुटली की ते आखडतात, हाडाची टोकं एकमेकांवर सरकतात आणि मूल आधीपेक्षा जास्त कळवळतं. वजन जमिनीला किंवा पलंगाला टेकलं, दोरीची गाठ पुलीत अडकली, मूल घसरून खाली आलं, तरी परिणाम तोच; ओढ गेलेलीच असते. पलंगाची पायाकडची बाजू बऱ्याचदा उंच ठेवतात ती यासाठीच, मुलाचं स्वतःचं वजन उलट बाजूनं ओढतं. कातडीवरच्या ट्रॅक्शनचं बँडेज कधी कधी सोडून पुन्हा बांधतात खरं, पण डॉक्टरांच्या सूचनेनं, आणि तेवढा वेळ एकजण पाय हातानं ओढून धरतो.

औषधाचं म्हणाल तर पॅरासिटामॉलनं हाड जुळायचं थांबत नाही. दुखणं आवरलं की स्नायू सैल पडतात, मूल खातं, झोपतं. ठरवून दिलेला डोस वेळेवर द्या.

पाणी कमी करणं तर उलटच अंगावर येतं. आडवं पडून आतडी मंदावलेली असतात. त्यात पाणी कमी म्हणजे शौचाला खडा, पोटात दुखणं आणि लघवीला जळजळ.

राहिलं ‘अजिबात हलू देऊ नका’. पायाची ओढ सरळ रेषेत राहायला हवी, एवढंच बंधन. बाकीचं मूल मोकळं असू द्या. दुखऱ्या पायाची बोटं हलवू दे, हात वापरू दे, साबणाचे फुगे उडवू दे. फुंकर मारताना फुफ्फुसं आपसूक पूर्ण भरतात. खेळणी हाताशी ठेवा, नाहीतर ती घ्यायला मूल अख्खं अंग वळवतं. टाचा, माकडहाड, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा बोटानं दाबून सोडा. लाली जात नसेल तर तिथे तेल चोळू नका, मालिशही करू नका. खालची कातडी आधीच दुखावलेली असते. ती जागा लगेच सिस्टरला दाखवा.