आधी गोळ्या द्या, मग संशोधन करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, (तुम्ही आरोग्य सेवक म्हणून 31 वर्षं काढलीत, मी जेमतेम तीन वर्षं एमओ, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर होतो. तेव्हा काकाच म्हणतो.)

प्राथमिक आरोग्यावरच्या संशोधनाला जास्त पैसा मिळायला हवा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या नाहीत, सिस्टरची जागा दोन वर्षं रिकामी आहे आणि याला संशोधन सुचतंय. काय करायला हवं ते सगळ्यांना ठाऊक आहे. संशोधक गाडीतून येतात, आशाताईला दोन दिवस सोबत फिरवतात, पेपर छापतात आणि गावाला काही कळवत नाहीत. हे असले प्रश्न पोट भरलेल्यांना पडतात, हे तुमचं शेवटचं वाक्य. ते लागलं. असो.

गाडीचं खरं आहे, आणि त्या गाडीत मीही बसलेलो आहे. आमच्या केंद्राच्या हद्दीत रक्तक्षयाची एक पाहणी झाली होती. बायका गोळा केल्या आशाताईंनी, बोटं टोचली आम्ही. एका म्हातारीनं बोटावर कापूस दाबून धरत विचारलं, "माझं किती निघालं?" सांगतो म्हटलं. आकडा माझ्या तक्त्यात होता. तिच्यापर्यंत तो कधी गेला नाही.

पण 'सगळ्यांना ठाऊक आहे' हे मला मान्य नाही. क्षयाच्या गोळ्या तुम्ही घरोघर जाऊन दिल्या असतील. त्या घरी देऊन चालतं हे एके काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते उलटंच: क्षय म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती. आपल्याकडे त्यासाठी मिरजेचं नाव घेत. 1956 साली मद्रासला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून हे तपासायला घेतलं. औषधं तीच, काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या आपापल्या घरी. 1959 मध्ये निकाल आला. घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि पुढच्या पाहणीत दिसलं की त्यांच्या घरच्यांना लागणही जास्त झाली नव्हती. तुमची सायकल गावोगाव फिरली ती या निकालानंतर.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियानं जात होती आणि गावात तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे मिनिटाला श्वास किती ते मोजणं. पण गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येईना. मग वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी असं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया. मी ते पाहिलं तेव्हा मनात आलं, हे तर पोरांचं खेळणं! पण ते सुचण्याआधी कुणीतरी दाईसमोर बसून ती कितीपर्यंत मोजते हे बघितलं होतं.

पुढे नवजात बाळांचं. 1993 ते 95 मध्ये तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 62 बाळं जन्मानंतर एका महिन्याच्या आत जात होती. आजारी तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायचं हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाळं दवाखान्यात पोचत नव्हती. 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या आणि जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही द्यायच्या. कमी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार! आरोग्यदूत नसलेल्या 47 गावांशी तुलना करून मोजलं नसतं, तर हे कुणी चालू दिलं नसतं. तिसऱ्या वर्षी मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी कमी भरला. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

तुम्ही म्हणाल, उत्तर 1999 ला मिळालं आणि आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासायची देशभरची योजना आली 2011 ला. मग अडलं कशावर, संशोधनावर की इच्छेवर? बारा वर्षांतली काही अनास्थेची होती, कबूल. पण त्यात एक रास्त प्रश्नही होता. बंगांच्या देखरेखीखाली जमलं ते झेडपीच्या देखरेखीखाली जमेल का? आयसीएमआरला त्यासाठी पाच राज्यांत वेगळी चाचणी घ्यावी लागली. आणि योजना आली तीही कापून. आज दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात, त्याचे आशाताईला 250 रुपये. इंजेक्शन मात्र तिच्या हातातून काढलं. मग त्या 62 टक्क्यांतला किती फायदा उरला? मी पैसा मागतोय तो असल्या प्रश्नांसाठी. नव्या यंत्रासाठी नाही.

आणि हा पैसा गोळ्यांच्या ताटातला नाही. 2024-25 च्या केंद्राच्या बजेटात आरोग्य मंत्रालयाला सुमारे 91,000 कोटी होते, त्यात आरोग्य संशोधन विभागाला सुमारे 3,300. म्हणजे 91 रुपयांतले सव्वातीन, आणि त्या सव्वातिनातच प्रयोगशाळा, विषाणू, कर्करोग सगळं आलं. उपकेंद्राच्या वाट्याला काय उरत असेल! माझ्या केंद्रात बीपीच्या गोळ्या चार महिने नव्हत्या तेव्हा पैसे वर पडून होते, खरेदी अडकली होती. ती कुठल्या टेबलावर आणि का अडकते, हेही कुणीतरी मोजायला हवं. तुम्ही लिहिलंय की कुठली गोळी कधी संपली त्याच्या तारखा तुम्ही वहीत टिपून ठेवायचात. ती वही अजून असेल तर मला बघायची आहे.

मूळ लेखात आज दोन बदल केलेत. 'संशोधनाअभावी ग्रामीण आरोग्य रखडलं आहे' हे वाक्य काढलं. रिकाम्या जागा संशोधनाअभावी रिकाम्या नाहीत. आणि निधीच्या मागणीत दोन खर्च घातले: पाहणीत राबणाऱ्या आशाताईचं मानधन, आणि निकाल गावात जाऊन सांगण्याचा प्रवासखर्च. जुनं वाक्य खोडून तसंच दिसेल असं ठेवलंय.