मामा, ती भिंत तुम्हाला कुणी समजावली होती?

मामेबहिणीच्या मुलीने कॉलेजच्या स्पर्धेत आधुनिक नृत्य बसवलं. तीन मुली, आणि तिघींच्या कमरेला मिळून एकच नऊवारी. एक पुढे निघाली की उरलेल्या दोघींना ओढ बसते. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि मोठ्या मामांनी पुण्याहून लिहिलं, "याचा अर्थ काय? आमच्या कथकात प्रत्येक हस्ताला अर्थ असतो. निदान आधी निवेदन तरी ठेवायचं." खाली अंगठ्यांची रांग लागली. पोरीने एक शब्द लिहिला नाही. आठवडा झाला, माझा राग उतरलेला नाही.

मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहते. एस-आठ लोकलने वुपरटाल, पुढे श्वेबेबान या लटकत्या रेल्वेने आडलरब्रुके स्टेशनला उतरलं की समोर ऑपेराहाउस. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर बसवलेलं 'वसंताचा विधी' 1975च्या डिसेंबरात इथेच पहिल्यांदा झालं. रोल्फ बोरझिकने नेपथ्य म्हणून काय दिलं, तर रंगमंचभर माती. मी पाहिलं तेव्हा मध्यंतरात कामगार आमच्यादेखत ती पसरत होते आणि तिचा ओला वास मागपर्यंत आला. त्या मातीत पाय रुततो, म्हणून प्रत्येक उडीला जास्त जोर लागतो. घामाने माती अंगाला चिकटते, झग्यांचा रंग बदलत जातो. ती दमणूक अभिनयाची नसते.

आणि एक लाल कापड. सुरुवातीला एक बाई त्यावर पालथी पडलेली असते. मग ते हातोहात फिरतं, कुणालाच हातात नको असतं. बाया एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात, त्यातली एकेक सुटी होऊन ते घेऊन पुरुषापुढे जाते आणि मागे फिरते. शेवटी ज्या मुलीच्या अंगावर तेच कापड झगा होऊन चढतं, तिने नाचत नाचत मरायचं. लाल म्हणजे काय, हे कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारच्या आजी खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या.

इथल्या लोकांना जन्मतः कळतं असं मी ग्रुपवर लिहिणार होते. ते खरं नाही. सुरुवातीच्या वर्षांत याच गावातले प्रेक्षक पिनाच्या प्रयोगांतून दारं आपटत निघून जात. आणि ऑफिसात कुणी भरतनाट्यमबद्दल विचारलं की मीच पताका, त्रिपताका, कमळ, हरिण अशी हस्तमुद्रांची यादी वाचते. अगदी मामांसारखी. आपलं काही परक्यासमोर ठेवताना ते कळणार नाही ही भीती मलाही असते, म्हणून मी आधीच अर्थ पुरवते. तेवढ्यापुरती मी तिकडची होते, आणि ते मला आवडतं, हेही खरं.

पण मामांनी 'घाशीराम कोतवाल' किती वेळा पाहिलं! 1972 साली पुण्यात ब्राह्मणांची रांग भिंत होऊन उभी राहिली, तेव्हा कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेला कुणी निवेदन जोडलं होतं?

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना एवढंच विचारलं, ती भिंत कशी होती हो? मामा खुर्चीतून उठले. गुडघा धरून उभे राहिले, हलकेच डोलले आणि माझ्याकडे पाठ केली.

बराच वेळ वळले नाहीत.