सही तेवढी राहिलीय

काल परत चाकणला जाऊन आलो, एका सहीसाठी. तिथल्या कंपनीतलं गेटपास आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर आमचं, गणपतीत लाइव्ह झालं, त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांतही गेली, रोज ट्रक त्याच्यावरच आतबाहेर करतात, पण यूएटीच्या, म्हणजे तपासून स्वीकारल्याच्या, कागदावर सही नाही. आणि पीओत, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरमध्ये, लिहिलंय की शेवटचे ३० टक्के सही झाल्यावरच.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने माझा फोटो काढून पास छापला. म्हणजे जे सॉफ्टवेअर कंपनीला अजून मंजूर नाही, त्याने पास दिल्याशिवाय मला आत पाऊल टाकता येत नाही. वर तो म्हणतो, "लय भारी सिस्टिम हाय साहेब, पयलं रजिस्टर लिहून हात मोडायचा." म्हटलं बाबा रे, तूच कर की सही.

तर सही अडलीय कशावर? मागच्या मीटिंगला स्टोअर, परचेस, क्यूए (क्वालिटीवाले), आयटी सगळे हजर, सगळ्या टेस्ट केस पास, स्टोअरच्या साहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं. मी डोळ्यांनी बघितलं ते टोपण. आणि कोपऱ्यात बसले होते ॲडमिनचे एक काका. त्यांचा या प्रोजेक्टशी काडीचा संबंध नाही, केबिनचा एसी बिघडला म्हणून लॅपटॉप घेऊन गारव्याला आलेले. बिस्किटं संपेपर्यंत गप्प होते. शेवटचं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, चमच्याने काढून खाल्लं, मग समोरचा गेटपास उचलून लांब धरला आणि म्हणाले, "मी काय म्हणतो, हा लोगो जरा डावीकडे नाही वाटत?"

झालं. सगळ्यांनी कागद लांब धरले. क्यूएच्या मॅडमनी पट्टी आणली (क्यूएवाल्यांकडे पट्टी असतेच), मोजलं, दोन्ही बाजूंना सारखं. त्यावर काका म्हणतात, "मापात असेल हो, पण डोळ्याला खटकतंय." आता डोळ्याला खटकतंय याची टेस्ट केस कशी लिहायची? टोपण परत पेनावर गेलं. एमओएममध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, नोंद झाली, ऑब्झर्व्हेशन क्रमांक १, लोगो, स्टेटस ओपन.

आम्ही लोगो दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवला. मग आयटीवाला म्हणाला, ज्याने पॉइंट काढला त्यानेच क्लोज करायचा, प्रोसेस आहे. म्हणून काल काकांकडे गेलो.

"मी? मी कुठे तुमच्या प्रोजेक्टमध्ये आहे? मी तर एसीसाठी बसलो होतो."

"मग सर, मेलवर तेवढं टाका, तुमचं काही म्हणणं नाही म्हणून."

"असं कसं लिहून देऊ? उद्या ऑडिटला निघालं तर नाव माझं येणार." मग नवा पास लांब धरून, "पण काय हो, आधीचा बरा नव्हता का?"

एसी दुरुस्त झालाय त्यांचा. छान गार होतं केबिनमध्ये.

खरं सांगायचं तर काका निमित्त आहेत. वापरायला सगळे तयार, सही करायला कुणी नाही, कारण उद्या काही बिघडलं तर "सही कुणाची होती?" हाच पहिला प्रश्न. ज्यांनी हे काम काढलं ते मॅनेजर नोकरी सोडून गेले, नवे म्हणतात हे माझ्या काळातलं नाही. तोंडी मात्र सगळे म्हणतात, तुम्ही व्हा पुढे, काही प्रॉब्लेम नाही. आमच्या अकाउंटंटला तोंडी चालत नाही हो! आणि मी बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मलाच भरायचाय.

कायदा आहे, माहितीय मला. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्यात स्वच्छ लिहिलंय की काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलंच असं धरायचं, आणि करारात काहीही लिहा, पैसे ४५ दिवसांच्या आत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी आहे आमची, सरकारी पोर्टलवर तक्रारही टाकता येते. पण टाकणार कोण? एकदा टाकली की त्या गेटातून परत आत कोण घेणार? आणि ते लोगोचं ऑब्झर्व्हेशन १५ दिवसांच्या आतलं, लेखी आहे म्हणे, परचेसवाल्याने हसत हसत सांगितलं. हसायचं काय त्यात?

आज सकाळी त्याच परचेसवाल्याचा मेल आला. सिस्टिम उत्तम चाललीय, दुसऱ्या प्लांटलाही बसवायचीय, कोटेशन पाठवा, अर्जंट. सीसीमध्ये ॲडमिनचे काका.